मार्कचं शुभवर्तमान इ.स. ७० च्या आधीचं की नंतरचं?

पानगळ

बऱ्याच दिवसांपासून डोक्यात घोळणारा विषय मांडते आहे. जाणकारांनी भर घालावी.

बायबलच्या नव्या करारातली चार शुभवर्तमानं, म्हणजे येशूचं चरित्र सांगणारी पुस्तकं, कधी लिहिली गेली, याचे आकडे कुठल्याही प्रस्तावनेत तयार मिळतात. मार्क सुमारे ७०, मत्तय आणि लूक ८० ते ९०, योहान ९० च्या पुढे. हे आकडे आले कुठून, ते शोधायला गेले तेव्हा दिसलं की मार्कच्या तारखेचा बराचसा भार एका वाक्यावर आहे. तेराव्या अध्यायात येशू यरुशलेमच्या मंदिराविषयी म्हणतो की इथे चिऱ्यावर चिरा राहणार नाही. रोमन सेनापती टायटसने इ.स. ७० मध्ये ते मंदिर उद्ध्वस्त केलं. म्हणून मार्क ७० च्या आसपासचा.

मला हा पाया फार अरुंद वाटतो. मंदिर पडणार, असं त्या काळात बोलणारा येशू एकटा नव्हता. ज्यू इतिहासकार जोसेफसने दुसऱ्याच एका येशूची हकिकत लिहून ठेवली आहे, हनन्याचा मुलगा, साधा शेतकरी. युद्धाच्या चार वर्षं आधीपासून, म्हणजे साधारण ६२ पासून, हा माणूस यरुशलेमच्या गल्ल्यांतून शहराचा आणि मंदिराचा नाश होणार म्हणून ओरडत फिरत होता. अधिकाऱ्यांनी फटके मारले, वेडा ठरवून सोडून दिलं. शेवटी वेढ्यात रोमनांच्या यंत्राने फेकलेला दगड लागून तो मेला. मग भाकीत लिहिलेलं सापडलं की ते घटनेनंतरचंच, असं कसं धरायचं?

मंदिराचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवला, तर मार्कच्या तारखेसाठी हातात काय उरतं? श्रद्धा-अश्रद्धेचा वाद मला नको आहे. तारीख ठरते कशी, एवढंच समजून घ्यायचं आहे.

सुतळी

वाचनखूण साठवली. हनन्याचा मुलगा येशू ही माहिती नवीन होती. पुढे लिहा.

दप्तरी

चांगला प्रश्न आहे, पण सुरुवात मार्कपासून नको, पौलापासून करू या. शुभवर्तमानं नव्या करारात आधी छापतात, म्हणून ती आधी लिहिली गेली असं वाटतं. प्रत्यक्षात सगळ्यात जुनं लिखाण पौलाच्या, म्हणजे गावोगावी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या करणाऱ्या प्रेषिताच्या, पत्रांचं आहे, आणि तिथे तारखेला दगडाचा पुरावा आहे.

ग्रीसमध्ये डेल्फीला सम्राट क्लॉडियसच्या पत्राचा शिलालेख तुकड्यातुकड्यांत सापडला. त्यात अखयाचा प्रांताधिकारी म्हणून गॅलियोचं नाव आहे. हा गॅलियो म्हणजे तत्त्वज्ञ सेनेकाचा भाऊ. क्लॉडियसला सेनेने किती वेळा जयघोष करून गौरवलं, तो आकडाही लेखात आहे, सव्विसावा. त्यावरून लेख ५२ च्या सुरुवातीचा ठरतो आणि गॅलियोची नेमणूक ५१-५२ ची. आता 'प्रेषितांची कृत्ये' हे येशूनंतरच्या शिष्यांची हकिकत सांगणारं नव्या करारातलं पुस्तक उघडा, अध्याय १८. करिंथमध्ये पौलाला धरून याच गॅलियोपुढे उभं केलं होतं. पौल तिथे दीड वर्ष होता असंही तिथेच म्हटलं आहे. म्हणजे पौल साधारण ५० ते ५२ या काळात करिंथमध्ये होता, आणि थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र बहुतेक अभ्यासकांच्या मते त्याने तिथूनच लिहिलं.

इथून मागे जाता येतं. गलतीकरांच्या पत्रात पौल स्वतःच हिशोब देतो: तीन वर्षांनी यरुशलेमला गेलो, पेत्राकडे (येशूचा प्रमुख शिष्य) पंधरा दिवस राहिलो, प्रभूचा भाऊ याकोब भेटला, मग चौदा वर्षांनी पुन्हा गेलो. ही वर्षं मांडली की पौलाचं मनःपरिवर्तन, म्हणजे येशूचा अनुयायी होणं, तिसाच्या दशकात जातं, येशूच्या वधानंतर थोड्याच वर्षांत.

पौलाच्या नावावर तेरा पत्रं आहेत. त्यातली सात त्याचीच, यावर जवळपास एकमत आहे: रोमकरांस, करिंथकरांस दोन, गलतीकरांस, फिलिप्पैकरांस, थेस्सलनीकाकरांस पहिलं आणि फिलेमोनाला. बाकी सहांवर वाद चालू आहे.

पानगळ, शुभवर्तमानांना असा दगड मिळालेला नाही. तुमचा प्रश्न अवघड आहे तो त्यामुळेच.

त्रैराशिक

मला एक साधी शंका. जुन्या पोथ्या पपायरसवर लिहिलेल्या, आणि पपायरस म्हणजे वनस्पती. कार्बन-१४ चाचणी करून टाकली की वाद मिटला. का करत नाहीत?

दप्तरी

@त्रैराशिक, चाचणीसाठी तुकड्याचा अंश जाळावा लागतो. मुळात तुकडा बोटभर असेल तर तो द्यायला कुणी तयार होत नाही. उत्तर येतं तेही अनेक दशकांच्या पट्ट्यात. आणि वय कळतं ते पपायरसच्या रोपाचं, अक्षरांचं नाही. आजोबांच्या पेटीतल्या कोऱ्या स्टँपपेपरवर आज कुणी करार लिहिला, तर कागद जुनाच निघेल.

हे प्रत्यक्षात घडलं आहे. २०१२ मध्ये हार्वर्डच्या कॅरन किंग यांनी कॉप्टिक या इजिप्तमधल्या जुन्या भाषेतला एक छोटा तुकडा जाहीर केला. त्यात येशूच्या तोंडी 'माझी पत्नी' असे शब्द होते. जगभर बातमी झाली. चाचणीत पपायरस सातव्या ते नवव्या शतकातला निघाला, म्हणजे बऱ्यापैकी जुना. पण मजकूर तपासणाऱ्यांना दिसलं की शब्द थॉमसच्या, बायबलबाहेरच्या शुभवर्तमानातून उचलून जोडले आहेत, आणि त्यात इंटरनेटवरच्या एका आवृत्तीतली छपाईची चूकसुद्धा जशीच्या तशी उतरली आहे. २०१६ मध्ये एका पत्रकाराने तुकड्याच्या मालकाचा माग काढला, तेव्हा किंग यांनीही तो बहुधा बनावट असल्याचं मान्य केलं. प्रयोगशाळेने काही चुकीचं सांगितलं नव्हतं. तिला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

झुंबर

म्हणजे पुराव्याचा कागद खरा, मजकूर खोटा. आमच्या सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त आठवलं!

आयर्वेल_किनारी

मी मँचेस्टरला राहते. इथल्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात नव्या कराराचा सगळ्यात जुना म्हणून प्रसिद्ध झालेला तुकडा आहे, अभ्यासक त्याला पी-५२ म्हणतात. योहानाच्या अठराव्या अध्यायातला, रोमन सुभेदार पिलातासमोर येशूच्या चौकशीचा भाग. जास्तीत जास्त उंची ८.९ सेंटिमीटर, रुंदी ६. क्रेडिट कार्डाच्या उंचीइतकाच. दोन्ही बाजूंना सात-सात ओळींचे अवशेष आहेत, म्हणजे हे गुंडाळीचं नाही, पुस्तकाचं पान होतं. मागच्या बाजूला 'त्याला म्हणतो' एवढे शब्द नीट दिसतात. त्यापुढे पिलाताचा प्रश्न यायला हवा, 'सत्य काय आहे?' पण तो भाग फाटून गेला आहे. मी तिथे कितीतरी वेळ उभी होते.

आता तारखेबद्दल. हा तुकडा १९२० मध्ये इजिप्तमध्ये विकत घेतला गेला आणि १९३५ मध्ये सी. एच. रॉबर्ट्स यांनी प्रसिद्ध केला. अक्षरवळणावरून त्यांनी तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धातला ठरवला. एकोणिसाव्या शतकात ट्यूबिंगेनच्या बाऊर यांनी योहानाचं शुभवर्तमान १७० च्या आसपासचं मानलं होतं. तेव्हा या एका तुकड्याने जर्मन पंडितांचं मत खोडून काढलं, अशी कथा सगळीकडे सांगितली जाते. खरं तर बाऊर यांची तारीख बऱ्याच अभ्यासकांनी त्याआधीच सोडलेली होती.

पुढचा भाग मात्र तेवढा सांगितला जात नाही. रॉबर्ट्स यांनी तुलनेसाठी घेतलेल्या हस्तलिखितांत एगर्टन पपायरस होता, एका अनोळखी शुभवर्तमानाचे तुकडे. तो तेव्हा १५० च्या आसपासचा मानत. १९८७ मध्ये त्याच पोथीचा आणखी एक तुकडा कलोनच्या संग्रहातून प्रसिद्ध झाला. त्यात दोन व्यंजनांच्या मध्ये वर एक छोटं आकडीसारखं चिन्ह होतं. ही खूण मुख्यतः तिसऱ्या शतकातल्या हस्ताक्षरांत दिसते. झालं, एगर्टन २०० च्या दिशेने सरकला, आणि त्याच्या आधाराने उभा असलेला पी-५२ डळमळला. २००५ मध्ये ब्रेंट नॉंगब्री यांनी दाखवलं की पी-५२ सारखी अक्षरं दुसऱ्या शतकाच्या अखेरीस आणि तिसऱ्याच्या सुरुवातीलाही सापडतात. उलट २०१२ मध्ये ऑर्सिनी आणि क्लारिस यांनी १२५ ते १७५ असा पट्टा दिला.

माझं मत: केवळ अक्षरावरून पन्नास वर्षांपेक्षा बारीक तारीख कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर तिथे थांबून विचारावं. एक लेखनिक तरुणपणी जे वळण शिकतो, तेच चाळीस वर्षं चालवतो.

सुतळी

आयर्वेल ताई, फार सुंदर प्रतिसाद. यावरून 'पहिल्या शतकातला मार्क' आठवला. २०१२ मध्ये अमेरिकेत एका जाहीर वादविवादात नव्या कराराचे अभ्यासक डॅनियल वॉलेस यांनी सांगितलं होतं की मार्कचा पहिल्या शतकातला तुकडा सापडला आहे, लवकरच छापून येईल. सहा वर्षं चर्चा चालली. २०१८ मध्ये तो इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकसला सापडलेल्या पपायरसांच्या मालिकेत छापून आला, तेव्हा संपादकांनी तारीख दिली दुसऱ्या शतकाची अखेर किंवा तिसऱ्याची सुरुवात. तरी मार्कच्या त्या वचनांचा तो सगळ्यात जुना पुरावा आहे, हे विसरू नये.

विरोधी_सूर

एवढा खटाटोप कशाला? मूळ प्रत एकही नाही. पहिले तुकडे शंभर-दीडशे वर्षांनंतरचे. कुठली पुस्तकं ठेवायची ते ३२५ साली नायसीयाच्या परिषदेत सम्राट कॉन्स्टंटाईनने ठरवलं. येशू नावाचा माणूस होता की नाही, इथूनच माझी शंका आहे.

वसईचा_वारा

@विरोधी_सूर, मी वसईचा कॅथलिक आहे, तरी तुमच्याशी पुराव्यानेच बोलतो. नायसीयात ग्रंथांची यादी हा विषयच नव्हता. तिथे वाद झाला तो पुत्र पित्यासमान आहे की नाही यावर. आजची सत्तावीस पुस्तकं नेमकी मोजून सांगणारी पहिली यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथानासियस यांच्या ३६७ सालच्या पत्रात आहे. त्याआधी कुठे जास्त, कुठे कमी. चौथ्या शतकातल्या सिनाई पोथीत तर नव्या कराराच्या शेवटी बर्नबाचं पत्र आणि 'हर्मासचा मेंढपाळ' हेही आहेत. आज ते आमच्या बायबलात नाहीत.

येशू होता की नाही, यावर दप्तरींनी वर सांगितलेलं पुन्हा वाचा. पौल येशूच्या भावाला भेटला होता, आणि पौलाचं त्या घरच्या मंडळींशी फारसं पटत नव्हतं. न झालेल्या माणसाच्या भावाशी कुणी भांडत नाही.

लोकांना वाटतं की असल्या चर्चेने आम्ही दुखावतो. आमच्या चर्चमध्ये १९४३ मध्ये पोप बारावे पायस यांनीच मूळ भाषांतून, इतिहासाच्या पद्धतीने अभ्यास करायला उत्तेजन दिलं. मला या अभ्यासाने बरंच दिलं आहे. एक उदाहरण देतो. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वाचनांचं आमच्याकडे तीन वर्षांचं चक्र असतं. मार्कच्या वर्षी पुनरुत्थानाच्या रात्रीच्या जागरणात सोळाव्या अध्यायाची पहिली सात वचनं वाचतात. पुढे स्वर्गारोहणाला त्याच अध्यायाचा शेवट, पंधरा ते वीस. मधली जागा मी घरी उघडून पाहिली. आठव्या वचनात स्त्रिया कबरेपासून पळतात आणि कुणाला काही सांगत नाहीत, कारण त्या भ्यालेल्या असतात. सिनाई आणि व्हॅटिकन या दोन्ही जुन्या पोथ्यांत मार्क तिथेच थांबतो. व्हॅटिकन पोथीत तर पुढे एक रकाना कोरा सोडला आहे. लेखनिकाला आणखी मजकूर असल्याचं ठाऊक होतं का, की दुसरंच काही कारण होतं, यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत.

नऊ ते वीस ही वचनं नंतर जोडलेली आहेत हे आमच्या फादरांनी प्रवचनातच सांगितलं होतं. कुणी उठून गेलं नाही. मला तर भीतीवर संपणारा मार्क जास्त खरा वाटतो.

विरोधी_सूर

नायसीयाचा मुद्दा मागे. भावाच्या मुद्द्यावर विचार करतो. पण मूळ प्रती नाहीत, हा माझा आक्षेप उरतोच.

मांडवीतीर

मूळ प्रतीच्या मुद्द्यावर गोव्यातून थोडं सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण रायतूरला १६१६ मध्ये छापलं गेलं. पुढे १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापलं. छापलेलं पुस्तक, तीन वेळा. आज तिन्हींपैकी एकाही छपाईची प्रत उपलब्ध नाही. आपण वाचतो ते नंतरच्या हस्तलिखितांवरून. १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत छापलेली आवृत्ती आणि लंडनमध्ये असलेली देवनागरी पोथी, यांच्यात फरकही आहेत.

छापखाना असताना चारशे वर्षांत ही गत, तर पहिल्या शतकात पपायरसवर लिहिलेली मूळ प्रत कशी उरणार? इजिप्तच्या कोरड्या वाळूबाहेर पपायरस क्वचितच टिकतो. ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यांत लाखो तुकडे मिळाले ते तिथे पाऊस नव्हता म्हणून. मूळ प्रत नसल्याने पाठ ठरवणं अवघड होतं, ग्रंथ खोटा ठरत नाही.

दप्तरी

+१. पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती झाली तीही अशीच. सुखठणकर बर्लिनला शिकले होते, पोथ्या ताडून पाठ ठरवण्याची पद्धत तिथून आणली आणि महाभारताच्या गुंत्याप्रमाणे ती बदलून घेतली. शेकडो पोथ्यांचे पाठभेद तळटीपांत. नव्या कराराच्या ग्रीक आवृत्तीचं पान शेजारी ठेवा, रचना तीच दिसेल: वर पाठ, खाली भेदांचं रान.

आता मंदिराखेरीज मार्ककडे काय उरतं त्यावर येतो. दुसऱ्या शतकातला बिशप पापियास म्हणतो की मार्क हा पेत्राचा दुभाषा होता, आठवेल तसं त्याने लिहिलं. परंपरेप्रमाणे पेत्र नीरोच्या छळात, म्हणजे चौसष्टनंतर, रोममध्ये मारला गेला. १८० च्या सुमारास बिशप इरेनियस सांगतो की पेत्र आणि पौल गेल्यावर मार्कने लिहिलं. म्हणजे ६५ च्या पुढे. पण अलेक्झांड्रियाचा क्लेमेंट सांगतो की पेत्र जिवंत असतानाच लिहिलं. दोन्ही साक्षी शंभरहून जास्त वर्षांनंतरच्या, आणि एकमेकींविरुद्ध. मी इरेनियसकडे थोडा झुकतो. पुस्तकाला थोर साक्षीदाराचा आधार द्यायचा असेल तर तो हयात होता असं म्हणायचा मोह होतो, उलट नाही.

कल्याण_फास्ट

पापियासचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर, पण विषयाला धरून. तोच पापियास म्हणतो की मत्तयाने प्रभूची वचनं इब्री भाषेत लिहिली. आणि चौथ्या शतकातला इतिहासकार युसेबियस सांगतो की अलेक्झांड्रियाचा पंतेनस हा आचार्य दुसऱ्या शतकाच्या अखेरीस भारतात गेला, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती लोकांकडे येशूचा शिष्य बर्तलमय याने ठेवलेलं इब्री अक्षरांतलं मत्तयाचं शुभवर्तमान त्याला दिसलं. काही जण हा भारत म्हणजे आपलं कल्याण असं धरतात.

मी कल्याणची, मला ते खरं असलेलं फार आवडेल! पण ग्रीक लेखक अरबस्तानाच्या आणि इथिओपियाच्या किनाऱ्यालाही इंडिया म्हणत, त्यामुळे यावरून कल्याण सिद्ध होत नाही. सहाव्या शतकातला व्यापारी कॉस्मस मात्र कल्लियाना नावाच्या ठिकाणी इराणातून नेमलेला बिशप असल्याचं लिहितो. कल्याण हे बंदर तेव्हा जुनंच होतं, कान्हेरीच्या लेण्यांतल्या दानलेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांची नावं आहेत. कॉस्मसचं कल्लियाना आपलं असण्याची शक्यता बरीच आहे. बर्तलमयाच्या पोथीबद्दल तसं म्हणवत नाही.

विमलकाकू

मी निवृत्त शिक्षिका. आयुष्यभर पेपर तपासले, त्यामुळे कोणी कोणाचं पाहून लिहिलं हे ओळखायची सवय आहे. ती इथे कामी आली.

मत्तय, मार्क, लूक शेजारी ठेवून वाचा. मार्कमधला बहुतेक सगळा मजकूर मत्तयात आहे, पुष्कळदा शब्दशः. आता मार्क १३:१४ बघा. ओसाडी करणारा अमंगळ पदार्थ दिसेल तेव्हा डोंगरांकडे पळा, असं येशू बोलतो आहे, आणि मध्येच कंस येतो: वाचकाने हे ध्यानात आणावे. हा कंस मत्तय २४:१५ मध्येही त्याच जागी आहे. तोंडी ऐकलेल्या आठवणीत 'वाचक' दोघांच्याही मनात त्याच ठिकाणी कसा येईल? समोर लिखित मजकूर होता.

मग कोणी कोणाचं पाहिलं? योहान बाप्तिस्मा करणाऱ्याच्या वधाची गोष्ट घ्या. मार्क हेरोदला सरसकट राजा म्हणतो, जे चुकीचं आहे. तो मांडलिक होता. मत्तय चौदाव्या अध्यायाच्या सुरुवातीला ते दुरुस्त करून 'मांडलिक' लिहितो, आणि नवव्या वचनात विसरून 'राजा' लिहून जातो. शिवाय मत्तयात हेरोदलाच योहानाला मारायचं आहे, तरी शिर मागितल्यावर राजाला वाईट वाटलं असं तिथे आहे. मार्कमध्ये ते बसतं, कारण तिथे मारायचं असतं त्याच्या बायकोला, हेरोदियाला. सुधारून लिहिणारा पुढे दमतो आणि मूळ मजकूर डोकावतो. मार्क गुडेकर या अभ्यासकाने अशा जागा एकत्र मांडल्या आहेत.

यावरून मार्क आधी, मत्तय नंतर, एवढं मला पक्कं वाटतं. पण हा क्रम झाला, सालं नव्हेत. मत्तय-लूकांत समान असलेला पण मार्कमध्ये नसलेला मजकूर एका हरवलेल्या संग्रहातून आला, की लूकने मत्तय वाचला होता, हा वाद वेगळाच. हरवलेल्या संग्रहाचं एकही पान आजवर मिळालेलं नाही.

झुंबर

काकू, तुमच्या वर्गात मत्तय असता तर बाकाबाहेर उभा राहिला असता!

उलटतपासणी

मी वकील आहे. सगळं ७० च्या आधीचं, या बाजूचं वकीलपत्र कुणी घेतलेलं दिसत नाही, म्हणून मी घेतो. मला ते पटतंही.

'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक लूकचाच दुसरा भाग. त्याचा उत्तरार्ध जवळपास सगळा पौलाच्या अटकेचा, सुनावण्यांचा, रोमच्या प्रवासाचा. शेवटी पौल रोममध्ये दोन वर्षं भाड्याच्या घरात राहतो, आणि पुस्तक संपतं. खटल्याचा निकाल नाही. नीरोचा छळ नाही, पौलाचा मृत्यू नाही, मंदिराचा नाश नाही. निकाल लागला असता तर लेखकाने तो गाळला असता का? जर्मनीच्या हार्नाक यांनी याच कारणाने १९११ मध्ये स्वतःची जुनी उशिराची तारीख सोडली. कृत्ये साठीच्या दशकाच्या सुरुवातीची, लूक त्याआधीचा, मार्क त्याच्याही आधीचा. १९७६ मध्ये इंग्लंडच्या जॉन रॉबिन्सन यांनी तर सगळा नवा करार ७० च्या आधी नेला. हे रॉबिन्सन सनातनी अजिबात नव्हते. २०२२ मध्ये जोनाथन बर्निये यांनी त्या बाजूने नव्याने मांडणी केली आहे.

आणि चिऱ्यावर चिऱ्याचं भाकीत घटनेनंतर रचलं असतं तर त्यात आग असती. मंदिर जळलं, हे जोसेफस तपशीलवार सांगतो. मार्कच्या भाकितात आगीचा शब्द नाही.

विरोधी_सूर

आता माझ्या आवडीचा मुद्दा. कृत्ये, पाचवा अध्याय. गमलियेल हा ज्यू धर्मशास्त्री भाषणात दोन बंडखोरांची नावं सांगतो: आधी थुदास उठला, त्याच्यानंतर गालीलचा यहूदा. हे भाषण तिसाच्या दशकातलं. जोसेफसच्या म्हणण्याप्रमाणे थुदासचं बंड फादस सुभेदार असताना, म्हणजे ४४ ते ४६ च्या दरम्यान झालं, आणि यहूदाचं त्याआधी कितीतरी वर्षं, शिरगणतीच्या वेळी. मग गमलियेलला थुदास कसा माहीत, आणि क्रम उलटा का? जोसेफसच्या विसाव्या भागात थुदासची हकिकत आधी येते आणि लगेच खाली यहूदाच्या मुलांची, यहूदाचा उल्लेख करून. लूकने तिथलं वाचून घाईत क्रम उचलला असं धरलं, तर दोन्ही प्रश्न सुटतात. जोसेफसचा तो ग्रंथ ९३-९४ चा. रिचर्ड पर्वो यांनी अशाच आधारांवर कृत्ये ११५ च्या आसपास नेलं.

वकीलसाहेब, निकाल न सांगण्याचं कारण वेगळंही असेल. वाचकांना तो ठाऊक होता, आणि लेखकाला सुवार्ता रोमपर्यंत पोचल्याच्या आनंदावर थांबायचं होतं. पौलाचा वध होणार याची चाहूल विसाव्या अध्यायात आहेच, इफिसकरांचा निरोप घेताना तो म्हणतो की तुम्ही माझं तोंड पुन्हा पाहणार नाही.

उलटतपासणी

थुदास नावाचा आणखी कुणी असेल, असं आमच्या बाजूने म्हणतात. त्यात फारसा दम नाही, हे मान्य. निरोपाच्या भाषणाला उत्तर शोधतो.

पानगळ

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मनापासून आभार. आता माझ्या प्रश्नावर परत येते, कारण विमलकाकूंनी दिलेल्या जागेत मला धागा सापडला.

मार्क १३:१४ मधलं वाक्य धूसर आहे. अमंगळ पदार्थ जिथे नसावा तिथे उभा दिसेल, वाचकाने ध्यानात आणावं. हेच लूक २१:२० मध्ये येतं तेव्हा गूढ उरत नाही. यरुशलेमला सैन्यांचा वेढा पडलेला पाहाल, असं स्पष्ट येतं. मत्तयात तर बाविसाव्या अध्यायातल्या मेजवानीच्या दाखल्यात राजा सैन्य पाठवून गावच जाळून टाकतो, जे दाखल्याला आवश्यकच नाही. लूक आणि मत्तय यांनी वेढा आणि आग ऐकलेली आहे असं इथे मला वाटतं. मार्कला अजून काय होणार ते माहीत नाही, फक्त काहीतरी भयंकर येतं आहे हे कळतं आहे.

तेव्हा मंदिराचा मुद्दा मला वेगळ्या तऱ्हेने पटला. 'भाकीत खरं ठरलं म्हणून नंतरचं' हे मी अजूनही मानत नाही. पण एकच भाकीत एकाकडे धूसर आणि नंतरच्या दोघांकडे नेमकं होत जातं, हा पुरावा मानते. त्यावरून मत्तय-लूक ७० नंतरचे आणि मार्क त्याआधीचा. किती आधीचा? सम्राट कॅलिग्युलाने ३९-४० मध्ये आपला पुतळा मंदिरात उभा करायचा हुकूम दिला होता, 'अमंगळ पदार्थ' तोच, असं धरून काही जण मार्कला चाळिशीच्या दशकात नेतात. तिथवर जायला मी तयार नाही. दप्तरीकाका, तुमचं मत?

दप्तरी

पुतळ्याच्या प्रसंगाची आठवण तेराव्या अध्यायात शिरली असणं शक्य आहे, पण एक अध्याय जुना असला म्हणून सगळं पुस्तक जुनं होत नाही. युद्ध ६६ मध्ये सुरू झालं. त्या अध्यायात युद्धाच्या आवया आहेत, खोटे मसीहा आहेत, घरातलं काही न घेता पळा असं आहे, आणि हे हिवाळ्यात होऊ नये म्हणून प्रार्थना करा असंही आहे. मंदिर प्रत्यक्षात उन्हाळ्यात, ऑगस्टमध्ये जळलं. घडून गेल्यावर लिहिणाऱ्याने हिवाळ्याची काळजी ठेवली नसती. मी ६६ ते ७० म्हणेन, युद्ध चालू असताना. तुमच्या मंदिराच्या आक्षेपाशिवायही हेच म्हटलं असतं.

आयर्वेल ताईंचा पन्नास वर्षांचा इशारा मात्र इथेही लागू धरा. मी चार वर्षांचा पट्टा सांगतो आहे तो मजकुराच्या वाचनावर, आणि माझ्याहून जाणते लोक त्याच वचनांवरून ७१ किंवा ७५ म्हणतात.

त्रैराशिक

हिवाळ्याचा मुद्दा भारी. थुदास आणि जोसेफस यांच्यासाठी वेगळा धागा काढा, इथे ते मागे पडेल. विरोधी_सूर, तुम्हीच काढा.

विरोधी_सूर

काढतो. जोसेफसचा विसावा भाग आणि कृत्यांचा पाचवा अध्याय शेजारी शेजारी टाकतो, वकीलसाहेबांनी तयारीने यावं.